सिंगापूर की नॉर्वे? तुमच्या तक्त्यात तुम्हीच नाही

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

‘माझे पती यांत्रिकी अभियंता आहेत, समुद्रातल्या तेल-वायू प्रकल्पांची यंत्रसामग्री हा त्यांचा विषय. वय ४०. त्यांना दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय. सिंगापूरमध्ये महिना ११,००० सिंगापुरी डॉलर आणि नॉर्वेत स्टॅव्हँगरला वर्षाला ८,५०,००० क्रोनर. मी ३८ वर्षांची, कंपन्यांच्या हिशेबाचं काम करते आणि ते सोडायची इच्छा नाही. मुलगा ११ वर्षांचा. सासूबाई ६८ वर्षांच्या, आमच्याकडेच असतात, मधूनमधून नणंदेकडे जातात. मी दोन्ही देशांचा मोठा तक्ता केला: दरडोई उत्पन्न, मानव विकास निर्देशांक, आयुर्मान, भ्रष्टाचार, शाळा, हवामान, महागाई. पण दोघंही सगळ्या याद्यांत वरच येतात. पगार सिंगापूरचा जास्त, सुट्ट्या नॉर्वेच्या जास्त. तक्ता जितका वाढतोय तितका गोंधळ वाढतोय. नेमकी तुलना कशी करायची?’

उत्तर:

तुमचा तक्ता चुकलेला नाही. आकडे नीट जमवले आहेत. अडचण अशी की त्यात एका सरासरी नॉर्वेजियन माणसाची एका सरासरी सिंगापुरी माणसाशी तुलना आहे, आणि तुम्ही चौघं यांपैकी कोणीच नसणार. तुम्ही तिथे परवान्यावर राहणारं परदेशी कुटुंब असाल. देशाच्या सुबत्तेतलं तुमच्या वाट्याला काय येतं हे तो परवाना ठरवतो, आणि या दोन देशांत खरा फरक तिथेच आहे.

तुमच्या ओळी एकदा पाहा. दरडोई उत्पन्न दोन्हीकडे साधारण ८५ ते ९० हजार अमेरिकी डॉलर. आयुर्मान दोन्हीकडे ८३ च्या आसपास. २०२५ च्या अहवालातला मानव विकास निर्देशांक नॉर्वे ०.९७०, सिंगापूर ०.९४६. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचाराच्या २०२४ च्या यादीत (जास्त गुण म्हणजे कमी भ्रष्टाचार) सिंगापूरला ८४ गुण, नॉर्वेला ८१. या आकड्यांवरून निवड होणारच नाही. एक देश विषुववृत्तापासून जेमतेम सव्वा अंशावर, साधारण ७३५ चौरस किलोमीटरचा. दुसऱ्याची मुख्य भूमी सव्वातीन लाख चौरस किलोमीटरची आणि तिची शेतजमीन तीन टक्क्यांच्या आसपास. लोकसंख्या मात्र जवळजवळ सारखी, ६० लाख आणि ५६ लाख. इतक्या वेगळ्या वाटांनी आलेले दोन देश एकाच आकड्याला पोचले असतील, तर आकडा बाजूला ठेवून वाट बघायची.

सिंगापूरची वाट व्यापाराची. त्याची आयात-निर्यात एकूण राष्ट्रीय उत्पन्नाच्या तिपटीच्या आसपास भरते. जगात शांघायखालोखाल सर्वाधिक कंटेनर हाताळणारं बंदर, तेलशुद्धीकरण, बँका, बहुराष्ट्रीय कंपन्यांची मुख्यालयं. या उत्पन्नातला मोठा भाग कंपन्यांचा नफा असतो, तो घराघरांत पोचत नाही. म्हणून दरडोई उत्पन्नापेक्षा मधला पगार (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) बघावा: २०२४ साली पूर्णवेळ काम करणाऱ्यांचा मधला पगार महिना ५,५०० सिंगापुरी डॉलर होता. पण इथे एक बारीक गोम आहे. या आकड्यात मालकाने भरलेला भविष्यनिर्वाह निधी धरलेला असतो, आणि मोजणी फक्त नागरिक व स्थायी रहिवाशांची असते. देशातल्या ६० लाखांपैकी सुमारे १९ लाख माणसं, म्हणजे बांधकामावरच्या मजुरापासून तुमच्या यजमानांसारख्या अभियंत्यापर्यंत सगळे परवानाधारक, त्या मोजणीत नाहीत. उत्पन्नातल्या विषमतेचे सरकारी आकडेही बहुतांशी रहिवासी कुटुंबांचेच असतात. ते नॉर्वेच्या आकड्यांशेजारी ठेवले की तुलना तिथेच फसते.

नॉर्वेची वाट तेलाची. १९६९ मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्क क्षेत्र सापडलं, १९७१ मध्ये उत्पादन सुरू झालं. तेल कंपन्यांच्या नफ्यावर एकूण ७८ टक्के कर आहे. सरकारचं तेलाचं उत्पन्न थेट खर्चात न घालता एका निधीत जातं, ज्याचा कायदा १९९० चा आणि पहिली रक्कम १९९६ ची. आज तो निधी सुमारे २० लाख कोटी क्रोनरचा आहे, म्हणजे माणशी ३५ लाखांच्या आसपास. २००१ पासून नियम असा की निधीच्या अपेक्षित परताव्याइतकंच सरासरीने खर्चायचं, जे आधी चार आणि २०१७ पासून तीन टक्के धरतात. हे पैसे कोणाच्या खात्यात येत नाहीत. ते दवाखाना, शाळा, बालवाडी, बेकारभत्ता या रूपाने येतात, आणि त्यांतलं बरंचसं कायदेशीर रहिवाशाला मिळतं, पासपोर्ट कुठलाही असो.

सिंगापूर आपल्या नागरिकांना कमी देतं असं नाही, पण देण्याची रीत वेगळी. १९६० पासूनच्या गृहनिर्माण मंडळाच्या घरांत जवळपास चार पंचमांश रहिवासी राहतात. भविष्यनिर्वाह निधीत ५५ वर्षांपर्यंतच्या नोकरदाराचे २० टक्के आणि मालकाचे १७ टक्के जातात. आरोग्य विमा सरकारी, रुग्णालयात अनुदान. यातलं काहीही तुमच्या यजमानांना लागू नाही. त्यांच्याशेजारी बसणाऱ्या स्थानिक सहकाऱ्याचा पगार तेवढाच असला, तरी मालक त्याच्या निधीत महिना १,३०० डॉलरच्या आसपास जादा भरतो. घर घ्यायचं म्हटलं तर मंडळाचं घर परदेशी माणसाला मिळत नाही, आणि खाजगी घरावर २०२३ पासून ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क आहे. गंमत म्हणजे नॉर्वेच्या नागरिकाला व्यापार करारामुळे हे जादा शुल्क सिंगापुरी नागरिकाच्या नियमांनीच लागतं. तुमच्या तक्त्यातले दोन्ही देश एकमेकांशी तुमच्यापेक्षा बरे वागतात!

आता पगार. सिंगापूरचे वर्षाचे १,३२,०००. पत्नी आणि मुलाच्या सवलती वजा करून करपात्र साधारण १,२५,००० धरले तर कर ८,७०० च्या आसपास, म्हणजे साडेसहा टक्के. पत्नीची सवलत तुम्ही कमावत नसाल तरच, हे लक्षात घ्या. हातात महिना १०,२०० च्या वर. नॉर्वेत २०२५ च्या दरांनी साडेआठ लाखांवर कर आणि सामाजिक विमा मिळून जवळपास २९ टक्के जातात, हातात महिना ५०,००० क्रोनर उरतात. एक सिंगापुरी डॉलर आठ क्रोनरच्या आसपास धरला तर ८० हजारांविरुद्ध ५० हजार. इथे बहुतेक जण थांबतात आणि सिंगापूर निवडतात. थांबू नका.

सिंगापुरात तीन बेडरूमचं मंडळाचं घर भाड्याने घ्यायला ३,३०० ते ३,५०० डॉलर लागतात, खाजगी सोसायटीत त्याहून हजार-दोन हजार जास्त. मंडळाच्या घरासाठी इमारतीतला परदेशी भाडेकरूंचा कोटा शिल्लक आहे का हे करार करण्याआधी बघावं लागतं, नाहीतर मंडळ परवानगीच देत नाही. मुलाची खाजगी शाळा वर्षाला १५ हजारांपासून ४० हजारांच्या पुढे. चौघांचा आरोग्य विमा वेगळा. एम्प्लॉयमेंट पासवरच्या (वरच्या पगाराच्या परदेशी नोकरदाराचा हा परवाना, यजमानांना तोच मिळेल) माणसाचा विमा काढायचं बंधन मालकावर नाही, ते फक्त त्याखालच्या, कमी पगाराच्या दोन परवान्यांसाठी आहे. कंपनी विमा देणार असेल तर कुटुंब धरून देणार का, हे लेखी घ्या. स्टॅव्हँगरला तेवढंच घर ओस्लोपेक्षा बरंच स्वस्त, १५ हजार क्रोनरच्या आसपास मिळतं. शाळा फुकट. डॉक्टर-औषधांचा स्वतःचा खर्च वर्षाच्या मर्यादेपर्यंतच (२०२५ साली ३,२७८ क्रोनर), पुढे वर्षअखेरपर्यंत शून्य, आणि सोळाखालच्या मुलाचं जवळपास सगळं मोफत. दोन्ही देशांत मोठ्या माणसाच्या दातांचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा, तेव्हा दातांची कामं निघण्याआधी उरका.

भाडं, शाळा, विमा वजा केल्यावर ८० विरुद्ध ५० हे अंतर बरंच मिटतं. तुम्ही कमी फीची शाळा घेतलीत तर सिंगापूर तरी थोडं पुढे राहतं. नॉर्वेत वाणसामान आणि बाहेरचं जेवण खिसा कापतं. खाद्यपदार्थांवर १५, इतर बहुतेक गोष्टींवर २५ टक्के मूल्यवर्धित कर आहे. सिंगापुरात तो सगळ्यावर ९ टक्के, आणि हॉकर सेंटरमधलं (एका छताखालच्या खाण्याच्या ठेल्यांवरचं) जेवण खरोखर स्वस्त. जगातल्या महागड्या शहरांच्या यादीत सिंगापूर वर दिसतं त्यामागे मोटारीचा मोठा हात आहे. तिथे गाडी घेण्याआधी दहा वर्षांचं हक्कपत्र लिलावात घ्यावं लागतं, आणि अलीकडे ते एक लाख डॉलरच्या घरात गेलंय. गाडी घेतली नाही तर ती यादी तुमच्यासाठी नाही.

पहिल्या वर्षी दोन्हीकडे एकेक खड्डा आहे आणि नवखे त्यात हमखास पडतात. सिंगापुरात पगारातून कर कापला जात नाही. पूर्ण पगार येतो, खर्चही होतो, आणि पुढच्या वर्षी विवरणपत्र भरलं की वर्षभराच्या कराची मागणी येते. दर महिन्याला ७५० डॉलर वेगळ्या खात्यात टाका. नोकरी सोडताना कर चुकता होईपर्यंत मालकाला तुमची देणी अडवून ठेवावी लागतात, म्हणजे शेवटचा पगार हातात नाही असं समजून चाला. नॉर्वेत उलटं. सुट्टीचा पगार आदल्या वर्षीच्या कमाईवर साठतो, पाच आठवड्यांच्या सुट्टीला १२ टक्के. तुम्ही या वर्षी रुजू झालात तर पहिल्या उन्हाळ्यात सुट्टी मिळते पण तिचा पगार नसतो. जून-जुलैसाठी महिनाभराचा खर्च बाजूला नसेल तर पंचाईत.

आता ज्या ओळी तुमच्या तक्त्यात नाहीत त्या लिहू.

पहिली ओळ तुमची स्वतःची. सिंगापुरात तुम्ही डिपेंडंट्स पासवर, म्हणजे नोकरदाराच्या कुटुंबाला मिळणाऱ्या परवान्यावर जाल. त्यासाठी यजमानांचा ठरीव पगार ६,००० लागतो, तो आहे. पण मे २०२१ पासून त्या पासवर नोकरी करता येत नाही. तुमच्या मालकाने तुमच्यासाठी स्वतंत्र परवाना काढायला हवा. एम्प्लॉयमेंट पासचा किमान पगार २०२५ पासून ५,६०० असा छापलेला दिसतो, पण तो तेवीस वर्षांच्या उमेदवाराचा. वयाबरोबर तो चढत पंचेचाळिशीत १०,७०० वर जातो, आणि तुमच्या ३८ ला नऊ हजारांच्या आसपास येतो. त्याखालच्या एस पासला कंपनीचा कोटा आहे आणि मालकाला दरमहा शुल्क भरावं लागतं, म्हणून ते टाळतात. हिशेबाच्या मधल्या पदावर हे जमणं कठीण. हाच वयाचा जिना यजमानांनाही आहे. चाळिशीला साडेनऊ हजारांच्या आसपास लागतात, ११,००० त्यात बसतात. शिवाय २०२३ पासून ‘कॉम्पास’ ही गुणपद्धत आहे: ४० गुण हवेत, आणि कंपनीच्या व्यावसायिक कर्मचाऱ्यांत तुमच्याच देशाचे २५ टक्के किंवा जास्त असतील तर त्या सदरात शून्य. तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्वतःच तपासून बघायची सोय आहे. कंपनीच्या शब्दावर विसंबण्याआधी ते करा.

नॉर्वेत कुटुंब म्हणून मिळणाऱ्या परवान्यावर तुम्हाला पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करता येते. हे वाचायला फार छान वाटतं. पण हिशेबाचं काम म्हणजे तिथला कर, तिथले कायदे, तिथली कागदपत्रं, सगळं नॉर्वेजियनमध्ये. ऑफिसात चालेल इतकी भाषा यायला नेटाने अभ्यास केला तरी दीड-दोन वर्षं जातात, आणि नोकरीसाठी आलेल्यांच्या कुटुंबाला वर्गाचा खर्च स्वतः करावा लागतो. सिंगापुरात भाषेची अडचण जवळपास नाही, सगळा कारभार इंग्रजीत. हक्क मात्र बेताचे. नॉर्वेत हक्क लगेच मिळतात, भाषा आडवी येते. भाषेवर तुम्ही स्वतः मेहनत घेऊ शकता, परवान्याच्या अटींवर नाही. म्हणून ही ओळ आम्ही नॉर्वेच्या बाजूने टाकू. पण दीड-दोन वर्षं एका पगारावर काढायची तयारी हवी.

दुसरी ओळ सासूबाईंची, आणि तुमच्या बाबतीत हीच सर्वांत जड आहे. सिंगापुरात एम्प्लॉयमेंट पासवाल्याला आई-वडिलांसाठी दीर्घ मुक्कामाचा पास काढता येतो, पण ठरीव मासिक पगार किमान १२,००० हवा. तुमचा प्रस्ताव ११,००० चा आहे. हजार डॉलरने दार बंद. ‘ठरीव’ म्हणजे बोनस, जादा कामाचे पैसे, महिन्यागणिक बदलणारे भत्ते त्यात धरत नाहीत, तेव्हा ‘सगळं मिळून बारा होतात’ असं कंपनीने सांगितलं तरी उपयोग नाही. पास मिळाला तरी सासूबाईंना सरकारी अनुदान नाही, रुग्णालयात पूर्ण दर लागेल. ६८ व्या वर्षी खाजगी विमा आधीचे आजार वगळतो. साखर-रक्तदाब असेल तर ही रक्कम आधी काढून ठेवा.

नॉर्वेत आई-वडिलांना कायमचं आणायची वाट फार अरुंद आहे. साठीपुढचे, एकटे, आणि मायदेशी दुसरं मूल किंवा नातवंड नसलेले, अशा अटी आहेत. नणंद आहे म्हणजे ती वाट बंद. मग नेहमीची वाट शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक, अल्प मुक्कामाचा व्हिसा): कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. म्हणजे वर्षातून दोन वेळा तीन-तीन महिने, तेही व्हिसा मिळत राहिला तर. बाकी काळ नणंदेकडे. हे नणंदेशी आधी मोकळेपणाने बोलून घ्या. तिने नुसती मान डोलावली एवढ्यावर जाऊ नका. औषधपाणी, पैसे आणि आजारपणात कोण धावून जाणार हे ठरवूनच पुढे जा.

तिसरी ओळ मुलाची. तुमच्या तक्त्यात पिसा चाचणीचे (पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी) गुण आहेत: २०२२ साली गणितात सिंगापूर ५७५, नॉर्वे ४६८. गुण खरे, पण ते सिंगापूरच्या सरकारी शाळांच्या जोरावर आलेले, आणि तिथे तुमच्या मुलाला जागा मिळेलच असं नाही. परदेशी मुलाला प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, ती प्राथमिक दुसरी ते पाचवी आणि माध्यमिक पहिली ते तिसरी एवढ्याच वर्गांसाठी. प्राथमिक सहावीत बाराव्या वर्षी मोठी सरकारी परीक्षा असते, त्या वर्गात बाहेरून थेट घेत नाहीत. तुमचा मुलगा अगदी त्या उंबरठ्यावर आहे. म्हणून खाजगी शाळेची फी धरूनच हिशेब करा आणि पिसाची ओळ खोडा.

नॉर्वेत सातवीपर्यंत श्रेणी-गुण नाहीत, आलेल्या मुलाला आधी भाषेचा वेगळा वर्ग मिळतो. दहावीच्या गुणांवर पुढचा उच्च माध्यमिक अभ्यासक्रम ठरतो. अकराव्या वर्षी गेला तर त्याला चारेक वर्षं मिळतात, ती पुरतात. चौदाव्या वर्षी गेला असता तर आम्ही स्पष्ट नको म्हटलं असतं. विद्यापीठांत २०२३ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी आहे, स्थायी परवाना असला तर ती लागत नाही. कुशल कामगाराला तो परवाना तीन वर्षांनी मागता येतो, भाषा आणि उत्पन्नाच्या अटींवर.

सिंगापुरात स्थायी रहिवासी होणं हा सरकारचा निर्णय, गुणांची उघड यादी नाही. आणि मुलगा तुमच्यासोबत स्थायी रहिवासी झाला तर अठराव्या वर्षी दोन वर्षांची सक्तीची लष्करी सेवा त्याला लागू होते. ती न करता स्थायी दर्जा सोडला तर पुढे तिथे शिकायला किंवा नोकरीला परतणं अवघड होतं. अर्जावर सही करताना तो बारा-तेरा वर्षांचा असेल, सेवा करताना अठराचा. त्याला विचारून ठरवा.

भूगोलाची ओळ लोक ‘थंड’ आणि ‘गरम’ अशी लिहितात, त्यात काही अर्थ नाही. स्टॅव्हँगर समुद्रकाठचं, उबदार प्रवाहामुळे जानेवारीतही पारा शून्याच्या थोडा वरच असतो. बर्फापेक्षा वारा आणि आडवा पाऊस. त्याच किनाऱ्यावरच्या बर्गनमध्ये वर्षाला सिंगापूरपेक्षा जास्त पाऊस पडतो, फक्त सिंगापुरात तो तासाभरात कोसळून मोकळा होतो. नॉर्वेत झेपत नाही तो अंधार: डिसेंबरात दिवस सहा तासांचा, शाळेत जाताना काळोख, ऑफिसातून येताना काळोख. ड जीवनसत्त्व, सकाळी उजेडात अर्धा तास बाहेर आणि नोव्हेंबरपासूनच ठरवलेले दोन सामाजिक कार्यक्रम, हे उपाय साधे आहेत पण टाळले की फेब्रुवारीत माणूस खचतो. घरात बसून भाषा शिकणाऱ्याला हे सर्वांत जास्त लागतं, म्हणजे तुम्हाला. सिंगापुरात सूर्य वर्षभर सकाळी सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो. घामट दमटपणा बारमाही, आणि काही वर्षी इंडोनेशियातल्या आगींचा धूर. २०१३ च्या जूनमध्ये तिथला प्रदूषण निर्देशांक ४०१ पर्यंत गेला होता. घरात कोणाला दमा असेल तर हे महत्त्वाचं, नसेल तर सोडून द्या.

वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या २०२५ च्या यादीत नॉर्वे पहिला, सिंगापूर १२३ वा. रोजच्या जगण्यात हे जाणवतं का? समाजमाध्यमांवर राजकीय लिहायची सवय असेल तर जाणवतं.

आणखी एक ओळ, जी कुठल्याच तुलनेत कोणी धरत नाही. दोन देश कितीही वेगळे असोत, यजमानांची नोकरी दोन्हीकडे एकाच गोष्टीवर टांगलेली आहे: खनिज तेलाचा भाव. २०१४ मध्ये भाव कोसळले तेव्हा स्टॅव्हँगरमध्ये हजारो अभियंते घरी बसले आणि घरांच्या किमती उतरल्या. सिंगापूरच्या तेलफलाटांच्या गोद्यांनाही तोच फटका बसला, आणि तिथल्या दोन मोठ्या गोद्या २०२३ मध्ये एकत्र झाल्या. म्हणून ‘कुठे पगार जास्त’ याच्यासोबत ‘नोकरी गेली तर काय’ हे लिहा. सिंगापुरात पास रद्द झाल्यावर ३० दिवसांत बाहेर पडायचं. नुकसानभरपाई कायद्याने सक्तीची नाही, करारात असेल तर मिळते. मुलाची शाळा, घराचा करार, सासूबाईंचा पास सगळं त्याच तीस दिवसांत. नॉर्वेत कारणाशिवाय काढता येत नाही, दुसरी नोकरी शोधायला सहा महिन्यांपर्यंत राहता येतं, आणि पुरेशी कमाई झालेली असेल तर आधीच्या पगाराच्या ६२.४ टक्क्यांनी, वरची मर्यादा धरून, बेकारभत्ता मिळतो. पहिले सहा महिने परीक्षेचे असतात, तेवढे जपून.

आमचा कौल मागितलात तर तो असा. सासूबाईंना वर्षभर जवळ ठेवायचंच असेल तर सिंगापूर, पण ठरीव पगार १२,००० झाला तरच. अभियंत्याच्या पगारात हजाराची ओढाताण कंपन्या नेहमी करतात. ‘कुटुंबाच्या पाससाठी ठरीव मासिक पगार १२,००० लागतो’ असं कारण सरळ लिहून मागा, बोनस कमी करून चालेल असंही सांगा. कंपनीला एकूण खर्च तोच पडतो, तुमचं दार उघडतं. ते नाही म्हणाले तर सिंगापूरचा मोठा फायदाच गेला. मग तिथे पगार थोडा जास्त, पण तुमची नोकरी नाही, सासूबाई नाहीत आणि मुलाच्या शाळेची फी आहे. अशा वेळी नणंदेशी नीट ठरत असेल तर स्टॅव्हँगर घ्या, आणि पाच वर्षांच्या खाली विचार करू नका. भाषेवर घातलेली दोन वर्षं तिसऱ्या वर्षापासून वसूल होतात. दोन-तीन वर्षांत पैसे साठवून परत यायचं असेल तर नॉर्वे तुमच्यासाठी नाही.

दोन्ही कंपन्यांना या आठवड्यात पत्र पाठवा. सिंगापूरला विचारा: ठरीव पगार किती, कॉम्पासचे गुण तपासले का, कुटुंबाचा विमा, मुलाच्या फीत वाटा, नोकरी गेल्यास किती महिन्यांचा पगार. घराचा करार दोन वर्षांचा करणार असाल तर त्यात ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ घाला. परवाना गेला तर साधारण वर्षभरानंतर दोन महिन्यांच्या सूचनेने बाहेर पडता येतं, नाहीतर उरलेलं भाडं गळ्यात. स्टॅव्हँगरला विचारा: पाच आठवडे सुट्टी करारात आहे का, पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीचा पगार कंपनी भरून देते का, तुमच्या भाषावर्गाचा खर्च उचलते का, सुरुवातीचे दोन-तीन महिने राहायची सोय आहे का.

ही शेवटची सोय चैनीची नाही. अकरा आकडी राष्ट्रीय क्रमांक येईपर्यंत नॉर्वेत बँक खातं, डिजिटल ओळख, ठरलेला डॉक्टर यांतलं काहीच धड सुरू होत नाही, आणि त्याला आठवडे लागतात. स्टॅव्हँगरला परदेशी कामगारांचं एकत्रित सेवा केंद्र आहे, त्याची वेळ निघण्याआधीच घेऊन ठेवा. घरमालकाने अनामत मागितली तर ती भाडेकरूच्या नावाच्या वेगळ्या अनामत खात्यातच भरा. रोख किंवा मालकाच्या खात्यावर मागणारा माणूस कायदा मोडतोय.

आणि यजमानांना सांगा, आत्ताच्या नोकरीचा राजीनामा सिंगापूरच्या बाबतीत पासची तत्त्वतः मंजुरी हातात आल्यावर, नॉर्वेच्या बाबतीत परवान्याचा निर्णय आल्यावरच द्यायचा. नियुक्तिपत्र म्हणजे परवाना नव्हे.